परातीतले किडे

पहिला किडा पाण्यावर दिसला तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले. दुसरा दिसला तसे पुरुष पुढे सरकले. तिसऱ्या-चौथ्याला मोबाइल वर झाले. एरवी रविवारी माग बंद असले की सुरतेतल्या लिंबायतची ही गल्ली दहापर्यंत लोळत पडलेली असते. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

राघोबाबा दातांतले किडे काढत होता. कामरेजकडून यायचा म्हणे. कुणी सांगे डोंगरात बारा वर्षं तप केलं, कुणी सांगे चौदा. दोन वर्षांचा फरक विचारायची हिंमत कुणाची नव्हती.

त्याची मांडणी पाहण्यासारखी होती. मधोमध पाण्याने भरलेली पितळी परात. परातीत विटेचा तुकडा, त्यावर निखाऱ्यात लाल केलेला लोखंडी पत्रा. बाबा डब्यातून चिमूटभर ‘दिव्य बीज’ काढायचा, तुपात मळायचा, पत्र्यावर टाकायचा आणि वरून झटकन मडकं पालथं घालायचा. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात बांबूची लांब नळी, आणि नळीचं दुसरं टोक दुखणेकऱ्याच्या तोंडात. धूर आत गेला की माणूस ठसकायचा, नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं. बाबा मंत्र पुटपुटायचा. मग मडकं उचललं की परातीतल्या पाण्यावर पांढरे, वाकडे, तांदळाच्या कणीएवढे किडे तरंगत असायचे.

“कुठून आले हे?” बाबा काठी आपटून विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. “तुमच्या कारखान्यातून, भाई. तुम्ही धोट्याला तोंड लावता की नाही?”

सगळे माना डोलवायचे. मागावर धाग्याची कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची, धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावायचे आणि श्वासासरशी धागा ओढून घ्यायचा, ही इथली रोजची रीत. दिवसातून शंभरदा. एकच धोटा दिवसपाळीवाल्याच्या तोंडात आणि रातपाळीवाल्याच्याही.

“रेशीम कोण बनवतो? किडा. त्या किड्याचं अंडं धाग्याला चिकटतं, तुम्ही ते ओढून घेता, आणि ते दाढेत घर करतं. डॉक्टर काय करतो? दाढ उपटतो. अरे, घर पाडल्याने उंदीर मरतो का?”

लोक हसले. धनश्री हसली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं सगळं लक्ष रांगेत बसलेल्या नवऱ्याकडे होतं. वाल्मिकच्या पुढे आता तिघं उरले होते. त्याचा उजवा गाल तर सुजला होताच, पण सूज गालावर थांबली नव्हती. जबड्याची कड ओलांडून ती हनुवटीखाली उतरली होती, आणि मान जिथे सुरू व्हायला हवी तिथे एक ताठ, लालसर फुगवटा होता. तोंडातून लाळ गळत होती. तो ती गिळत नव्हता, गमछ्याने टिपत होता.

दुखणं सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. खालच्या दाढेला मोठं भोक होतं, ते जुनंच. गुटख्याचा चोथा तिथेच दाबून ठेवायची त्याला सवय. ठणका लागला तेव्हा घरातले सगळे इलाज झाले. लवंग धरली. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. तंबाखू भरली. शेजारच्याने सांगितलं म्हणून डोकेदुखीची गोळी हिरडीला लावून ठेवली, तर तिथली कातडी भाजल्यासारखी पांढरी पडली. हिरडीवर टपोरा फोड आला. सरलाबाईंनी, म्हणजे धनश्रीच्या सासूबाईंनी, तव्यावर फडकं गरम करून गाल शेक शेक शेकला. आईच ती, लेकराचं विव्हळणं कसं पाहवणार?

मग मागच्या रविवारी राघोबाबा. पाच किडे निघाले. आणि खरोखर, त्याच संध्याकाळी ठणका कमी झाला. सरलाबाईंनी नारळ फोडला. बाबाने एक बंधन घातलं होतं: अकरा दिवस तोंडाला लोखंड लागता कामा नये. सुई नाही, चिमटा नाही, कारखान्यातलं काम नाही. लोखंड लागलं तर उरलेला किडा जिभेत शिरेल.

शुक्रवारी सूज परत आली. शनिवारी ताप. रविवारी सकाळी त्याचं तोंड एका बोटापुरतंच उघडत होतं.

तेव्हा धनश्री “मेडिकलमधून गोळी आणते” असं सांगून निघाली आणि थेट मेन रोडवरच्या, दातांच्या डॉक्टर योगिता यांच्या दवाखान्यात गेली. रविवारी तो दुपारपर्यंत उघडा असतो. ही डॉक्टरीण नंदुरबारकडच्या माणसांची, पण सुरतेतच जन्मलेली, तिच्या मराठीत गुजराती डोकावायची. धनश्रीने मोबाइलवरचा फोटो दाखवला. डॉक्टरने एकदाच पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

“गिळता येतंय?”

“नाही. लाळ गळतेय.”

“जीभ वर उचलल्यासारखी झालीय? आवाज बदललाय?”

“घोगरा झालाय. आडवं झालं की घाबरं होतं, म्हणून बसूनच असतात.”

“बेन, आता हे दाढेचं दुखणं राहिलं नाही. हे श्वासाचं आहे. दाढेच्या मुळाशी पू झाला, तो जबड्याखाली उतरला. तिथून गळा आवळत आणतो. माझ्याकडे नको, सरळ मोठ्या सरकारी हॉस्पिटलला न्या. मी फोन करून ठेवते.” तिने घड्याळ पाहिलं. “दहा वाजलेत. बारानंतर थांबू नका.”

“किड्याने असं होतं का?”

“दाताला किडा नसतोच. आजपर्यंत हजारो दाढा उघडल्या, एकातही सापडला नाही.”

“मग परातीत दिसतात ते?”

“ते मला माहीत नाही,” तिने कबूल केलं. “पण दाढेतले नाहीत, एवढं लिहून देते.”

आता साडेअकरा झाले होते. धनश्री घरी येऊन तासभर भांडली होती. सरलाबाई ऐकत नव्हत्या.

“तुले काय समजस?” त्या कडाडल्या होत्या. “डागदर सुई टोची, अन् मना पोऱ्यानी जीभ जाई. मागला रविवारी बरं वाटलं ना त्याला? उरलेला किडा आज निघेल.”

वाल्मिकलाही तेच हवं होतं. बारा माग एकटा सांभाळणारा हा गडी, पण सुईचं नाव काढलं की लहान मुलासारखा पाय मागे घ्यायचा. त्याने हाताने खूण केली होती, आधी बाबा. त्याला उचलून न्यावं तर धनश्रीच्या अंगात तेवढं बळ नव्हतं, आणि गल्लीतला एकही माणूस मदतीला यायला तयार नव्हता. अकरा दिवसांचं बंधन मोडायचं पाप कोण डोक्यावर घेईल?

वाल्मिकच्या पुढचा एक उठला. आता दोघं. त्या दोघांतला पहिला धुडकू आबा होता.

धुडकू आबा म्हणजे शेजारचा म्हातारा, सत्तरी उलटलेला, पण दात कसे पांढरेशुभ्र, एका ओळीत. त्याचा त्याला कोण अभिमान. “मिसरी नाही लावली, गुटखा नाही खाल्ला. सगळे माझे आहेत,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि शेंगदाणे कडाकड फोडून दाखवायचा. खरी गोष्ट एकट्या धनश्रीला माहीत होती, कारण तिच्या मोरीची खिडकी आबाच्या मोरीसमोर उघडायची. आबाच्या तोंडात एकही खरा दात नव्हता. वरची-खालची, दोन्ही कवळ्या होत्या. धुतल्यावर त्या तो पाण्याच्या वाटीत ठेवायचा आणि वर ताटली झाकायचा. हल्ली खालची कवळी टोचत होती, हिरडी सोलली होती, म्हणून तोही रांगेत आला होता. भोळेपणाला वयाची अट नसते.

धनश्री गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ जाऊन बसली.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही कवळीसकट बसणार आहात ना?”

म्हातारा पांढराफटक पडला. “हळू बोल की गं.”

“किडे निघाले तर तोंडातून काढून दाखवा. सगळ्यांना.”

“वेडी का खुळी तू? चाळीस वर्षं या गल्लीत काढली मी. पोरं हसतील, बायका हसतील. मेल्यावर काढा काय काढायची ती.”

“आबा, ते मरतील.” तिने बोटाने वाल्मिककडे दाखवलं. “डॉक्टरांनी बारा वाजेपर्यंतची वेळ दिलीय. धूर आत गेला तर गळा आणखी सुजेल. सासूबाई माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. तुमची मान खाली जाईल हे मला कळतंय. तरी मागतेय.”

आबाने वाल्मिककडे पाहिलं. याच वाल्मिकने कोविडच्या साली त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं, हे गल्लीला ठाऊक होतं. बाबाने काठीने बोलावलं तसा आबा उठला आणि परातीसमोर जाऊन बसला.

“आ करा, दादाजी.” बाबाने काठीच्या टोकाने आबाच्या दातांवर टकटक केलं. कान लावल्यासारखं केलं. “ही डावी वरची. आतून पोकळ झालीय. ऐका, ऐका आवाज. आत नर-मादी दोन्ही आहेत.”

गर्दी शहारली. बीज पडलं, तूप चर्रकन वाजलं, मडकं पालथं झालं. आबाने नळी तोंडात धरली आणि डोळे मिटले. धूर, ठसका, मंत्र. धनश्री मडक्याकडे डोळे लावून होती. आज किडे निघालेच नाहीत तर? बाबाने नुसता हात फिरवून सोडून दिलं तर?

मडकं उठलं.

“सात,” बाबा गरजला. “मोजा, सात.”

वाहवा झाली. कुणी हात जोडले. आबा खाली मान घालून बसून राहिला, बराच वेळ, इतका की बाबाने “उठा, दादाजी, पुढचा माणूस खोळंबलाय” असं म्हटलं. पुढचा माणूस स्वतःहून बाजूला झाला आणि म्हणाला, “आधी वाल्मिकला घ्या, त्याचं जास्त आहे.” सरलाबाई मुलाच्या दंडाला धरून त्याला उठवू लागल्या.

तेव्हा आबाने दोन बोटं तोंडात घातली. वरची कवळी काढली. मग खालची. दोन्ही परातीच्या काठावर ठेवल्या. त्याचे गाल आत गेले आणि एका क्षणात तो वीस वर्षांनी म्हातारा दिसू लागला.

“बाबा,” तो बोळक्या तोंडाने म्हणाला, शब्द नीट फुटत नव्हते, तरी प्रत्येकाला कळले. “हे माझे दात. शिबिरात मिळाले. प्लॅस्टिकचे. यातली कोणती दाढ पोकळ आहे, दाखवता का?”

कुणीही हसलं नाही. आबा ज्या गोष्टीला इतकी वर्षं भीत होता ती घडलीच नाही. गल्ली नुसती बघत राहिली, कवळीकडे, किड्यांकडे, बाबाकडे.

बाबा मुरलेला होता. “किडा हिरडीत होता,” तो म्हणाला. “दात नकली असेल, हिरडी तर असली आहे ना?”

“आवाज ऐकवला तो हिरडीचा होता का?” धनश्री पुढे झाली. आता तिला थांबायचं नव्हतं. “आणि धाग्यातून किडा येतो म्हणालात. या गल्लीत रेशीम विणलंय कुणी? सगळं पॉलिस्टर. ते तेलापासून बनतं. त्याला कोणता किडा लागतो? बरं, तोंडाला लोखंड चालत नाही, मग परातीत पत्रा कशाचा ठेवलाय?”

“बाईमाणसाने मध्ये बोललं की विद्या उतरते,” बाबा म्हणाला आणि डबा उचलायला वाकला.

डब्यावर त्याच्या आधी दुसरा हात पडला होता. सरलाबाईंचा. आबाची कवळी पाहिली तेव्हाच त्यांनी मुलाचा दंड सोडला होता. त्यांनी डबा तळहातावर उपडा केला. बारीक, चपट्या, पिवळसर बिया पडल्या, आणि त्यांच्या मागून एक सुकलेलं पिवळं फळ, बोरापेक्षा लहान, देठाला काटे असलेलं. सरलाबाईंनी ते उचललं तशी त्यांची बोटं आपोआप काट्याला चुकवून वळली. शिरपूरकडच्या शेतात निंदणी करण्यात ज्या बाईची तीस वर्षं गेली, तिच्या बोटांना ते काटे पाठ होते.

“हाई ते रिंगणी शे,” त्या म्हणाल्या. “भुईरिंगणी. आमच्या बांधावर पसरते. उपटून उपटून हात रक्ताळायचे. हे दिव्य बीज?”

“माताजी, ते मंत्राने—”

“गुपचूप ऱ्हाय.”

निखारे अजून लाल होते. सरलाबाईंनी कवळ्या बाजूला ठेवल्या, परातीतलं जुनं पाणी गटारात ओतलं आणि नवं भरलं. सगळ्यांना वाकून पाहायला लावलं. पाणी स्वच्छ होतं, एकही कण नव्हता. पत्रा पुन्हा निखाऱ्यात लाल केला, विटेवर ठेवला. बिया तुपात मळल्या, टाकल्या, मडकं झाकलं. नळीचं टोक कुणाच्याच तोंडात दिलं नाही. ते हवेत राहिलं, आणि त्यातून निघालेला धूर वर जाऊन विजेच्या तारांमध्ये विरला. मंत्र नव्हता. गल्लीत फक्त चर्र चर्र ऐकू येत होतं. पाणी कोरंच राहावं, असं सरलाबाईंना अजूनही वाटत होतं का? वाटत असेलही. ज्याच्यासाठी नारळ फोडला तो खोटा निघावा, असं कोणाला आवडतं?

त्यांनी मडकं उचललं. पाण्यावर नऊ किडे होते.

“कोणाच्या तोंडातून आले हे?” त्यांनी विचारलं. त्यांनी एक किडा नखावर घेतला, चिमटीत दाबला. त्याला डोकं नव्हतं, पाय नव्हते. वळवळ तर नव्हतीच. बीच्या पोटात वेटोळं घालून बसलेला कोंब तो. आच लागली की बी तडकते, कोंब उडतो आणि पाण्यात पडतो. एवढीच विद्या, बारा वर्षांची.

राघोबाबा कधी सटकला ते कळलं नाही. परात, मडकं, पत्रा, सगळं तिथेच टाकून गेला. दोघं-तिघं त्याच्या मागे धावणार होते, तर सरलाबाईंनी अडवलं. “तो जाऊ द्या. रिक्षा आणा, रिक्षा.” मग त्या मुलापुढे वाकल्या. “ऊठ, बेटा. चाल.”

वाल्मिक आधीच उभा होता. त्याने धनश्रीचं मनगट पकडलं होतं.

रिक्षा हॉस्पिटलच्या दारात पोचली तेव्हा एकला वीस कमी होते. डॉक्टर योगितांचा फोन गेलेला होता, म्हणून कागदांत वेळ गेला नाही. गळ्याखाली चीर देऊन पू काढला, श्वासासाठी नळी बसवावी लागली, आणि या सगळ्याचं मूळ असलेली कुजकी दाढही त्याच टेबलावर निघाली. धनश्री बाहेर बाकड्यावर बसून होती. सरलाबाई तिच्या शेजारी. म्हातारीने सुनेचा हात एकदा धरला तो डॉक्टर बाहेर येईपर्यंत सोडला नाही. डॉक्टर म्हणाला, “संध्याकाळपर्यंत थांबला असता तर नळी घालायलाही जागा मिळाली नसती.”

चौथ्या दिवशी नळी निघाली. वाल्मिक पहिलं वाक्य बोलला ते असं: “आबांची कवळी परातीपाशीच राहिली का?”

आठवड्याने डॉक्टर योगिता गल्लीत आल्या तेव्हा सरलाबाईंनी आपल्या मनातली गाठ त्यांच्यापुढे ठेवली. किडे खोटे होते, कबूल. पण मग त्या रविवारी ठणका कमी का झाला?

“कारण हिरडीवरचा फोड त्याच वेळी तोंडाच्या आत फुटला,” डॉक्टर म्हणाल्या. “कोंडलेला पू थोडा बाहेर आला, दाब कमी झाला, आराम पडला. तो तसाही फुटणार होता. पण मुळातली घाण तिथेच होती, ती खाली उतरत राहिली. दुखणं कमी होणं म्हणजे बरं होणं नव्हे. कधी कधी दाढेची नस मरते आणि माणूस खुशीत येतो, तेव्हाच आत जास्त पेटलेलं असतं.”

“अन् मी शेकलं ते?”

समोर आई होती. तरी डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं. “सुजेला बाहेरून शेक देऊ नये, मावशी. गार फडकं ठेवावं. कोमट मिठाच्या गुळण्या चालतात, लवंगेचा एक थेंब चालतो, पण तो दवाखाना गाठेपर्यंतचा आधार. इलाज नव्हे. फोड सुईने फोडायचा नाही, गोळी हिरडीला चिकटवायची नाही, तंबाखू भरायची नाही. दात किडतो तो गोड आणि चिकट खाणं दातांवर तसंच राहिल्याने, रात्री ब्रश न केल्याने. डोळ्यांना न दिसणारे जंतू आम्ल करतात, भोक पडतं, भोकातून जंतू मुळापर्यंत जातात आणि पू होतो. कधी हिरडी सैल होऊन तिच्या फटीतही होतो. आणि एक सांगते, तो धोटा दहा जणांनी चोखणं बंद करा. त्याने किडे होत नाहीत, पण दुसऱ्याचा आजार मात्र फुकट मिळतो. धागा ओढायला तारेचा बारीक आकडा मिळतो.”

वाल्मिकने आकडा घेतला. गुटख्याचं मात्र अजून भांडण चालू आहे, खोटं कशाला सांगू.

राघोबाबा आता दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या गावात असेल. कडोदऱ्याला असेल, इच्छापोरला असेल. नवी परात घेऊन बसला असेल. म्हणून हे सांगायचं. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर अकरा दिवस थांबू नका, अकरा तासही थांबू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एकच विचारा: हा माझ्याशिवाय होतो का? नळी तोंडातून काढा आणि पाहा.

सरलाबाई तेवढंच करतात. कुणाच्या घरी दाढ दुखतेय आणि बाबाचं नाव निघालं असं कानावर आलं की त्या ती परात काखेत मारून तिथे हजर होतात. सोबत धुडकू आबा, हातात कवळी घेऊन, आता उघडपणे. किडे काढून दाखवतात, सात, नऊ, कधी पंधरा. लोक हसतात. मग त्या मुलाला हाक मारतात, शर्टाचं वरचं बटण काढायला लावतात आणि त्याच्या हनुवटीखालचा लांब, गुलाबी व्रण बोटाने दाखवतात.

“परातीतले किडे पाहिले ना?” त्या म्हणतात. “आता हे पाहा. हे मी केलं.”